अ‍ॅक्युपंक्चरचं पॅकेज घ्यावं का? सांगली-मिरजेकडच्या लोकांचे अनुभव हवेत

वाडीची सून

नमस्कार मंडळी. सांगलीवाडीत राहते, वय ४४, शाळेत शिकवते. अर्धशिशी बारावीपासून आहे. महिन्यातले आठ-नऊ दिवस जातात. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल ही गोळी घेऊन पाहिली, तिने बीपीही उतरतं, पण मुळात माझं बीपी कमी, त्यामुळे चक्कर यायची. डॉक्टरांनीच बंद केली.

आता मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका अ‍ॅक्युपंक्चर केंद्रात गेले होते. बाई बोलायला चांगल्या होत्या, पण दहा मिनिटांत पॅकेज समोर ठेवलं: ३० सिटिंग, १५,००० रुपये आगाऊ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनाही आणलंत तर दोघींचे मिळून २६,०००. शिवाय सांगितलं की वर्षातून एकदा असा कोर्स केला तर बीपी, शुगर, थायरॉइड होतच नाही, शरीर आतून साफ राहतं. माझ्या सासऱ्यांना शुगर होती, त्यात पाय गेला, त्यामुळे हे वाक्य ऐकून मी जवळजवळ पैसे भरायला निघाले होते.

मग घरी येऊन शांत बसले. १५,००० म्हणजे मुलाची क्लासची अर्धी फी. हे पैसे वसूल होतील का, कसे होतील, आणि ते 'होतच नाही' खरं आहे का? ज्यांनी स्वतः सुया घेतल्यात त्यांनी लिहा, ही विनंती.

कृष्णाकाठ

ताई, मीही अर्धशिशीवाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मिरजेत दहा सिटिंग घेतल्या. आठवड्याला दोन, मग एक. प्रत्येक वेळचे ४०० रुपये, जेव्हाचे तेव्हा. पण सुरू करायच्या आधी महिनाभर मी कालनिर्णयवर खुणा केल्या होत्या. डोकं दुखलं की लाल टिंब, गोळी घ्यावी लागली की टिंबाभोवती गोल. ते माझ्या भावाने करायला लावलं, नाहीतर मला सुचलं नसतं. आधीच्या महिन्यात ११ टिंबं आणि ८ गोल. सिटिंग संपल्यानंतरच्या महिन्यात ५ टिंबं, २ गोल. म्हणजे गेली नाही, पण निम्म्यावर आली. ४,००० रुपयांत मला महिन्याचे सहा दिवस परत मिळाले. माझ्या हिशेबाने वसूल.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा टिंबं वाढायला लागली तेव्हा परत चार सिटिंग घेतल्या. वर्षभराचं पॅकेज घेतलं असतं तर मधल्या सगळ्या महिन्यांतही मी विनाकारण सुया घ्यायला जात राहिले असते.

खुणा नसत्या तर मी काय म्हटलं असतं माहिती आहे का? "बरं वाटतंय." आणि बरं वाटतंय या शब्दावर कोणीही आपल्याला आणखी वीस सिटिंग विकू शकतं.

मिरज फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अ‍ॅक्युपंक्चर करत नाही, पण ते करून आलेले रुग्ण रोज बघतो. कृष्णाकाठ यांनी जे केलं तेच प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

अर्धशिशीच्या बाबतीत आधार बऱ्यापैकी आहे. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र तपासून आढावा काढते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात ज्यांना सुया दिल्या त्यांच्यातल्या शंभरातल्या ४१ जणांची डोकेदुखीची वारंवारता निम्म्यावर आली. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा १७ होता. कुठल्या आजाराला कोणता उपचार द्यावा हे ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्था सांगते की प्रतिबंधक गोळ्या चालत नसतील किंवा उपयोग होत नसेल तर ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंत विचार करा. वाडीच्या सूनबाई, तुमची केस जवळपास यात बसते. आणि आकडा बघा: दहा. तीस नव्हे.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो. नियम असा: ९० दिवसांत १२ सिटिंग. सुधारणा दिसली तर आणखी ८. वर्षात २० च्या वर नाही. आणि सुधारणा दिसत नसेल तर थांबवायचं. सरकारने स्वतःच्या खिशासाठी केलेला नियम आहे, तो आपण आपल्या खिशासाठी का वापरू नये? मी रुग्णांना सांगतो, पाच-सहा सिटिंगनंतर वहीतला आकडा हलला नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

गुडघ्याचं मात्र वेगळं आहे. झिजेच्या गुडघ्यासाठी नाइसने २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम आणि वजन असेल तर ते उतरवणं, हेच पहिलं. सासूबाईंच्या ११,००० पैकी एक-दोन हजारांत कुणाकडूनही नीट व्यायाम शिकून होतील. त्या कुठली औषधं घेतात?

वाडीची सून

बापरे, किती मुद्देसूद! मनापासून आभार. सासूबाई ६७ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. केंद्रात हे कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

मिरज फिजिओ

मग हे त्या केंद्रात सर्वात आधी सांगायला हवं होतं, आणि त्यांनी विचारायला हवं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर सुया घेताच येत नाहीत असं नाही, पण खोल टोचल्यावर रक्त साकळू शकतं, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडून करतात ते इलेक्ट्रो अजिबात नको. शुगरमुळे पाय बधिर असतील त्यांनी मोक्साचा, म्हणजे औषधी पाला जाळून देतात तो शेक घेऊ नये, भाजलेलं कळत नाही. गरोदर असाल तर आधी सांगा.

जिथे कागदावर तुमची औषधं आणि आजार लिहून न घेता सुई लावतात तिथून उठून यायचं. मला यापेक्षा मोठी खूण माहीत नाही.

तासगाव द्राक्षवाला

आमचं थोडं वेगळं हाय, पण सांगतोच, कारण दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये.

माझा थोरला भाऊ, वय ५१. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणी झाली, पुढं विरळणी चालू हुती. दिवसभर मांडवाखाली हात वर. डावा खांदा धरला. आम्ही म्हटलं कामाचं दुखणं हाय, मांडवाखाली सगळ्यांचंच धरतं. गावातल्या बायकांनी एका सुईवाल्याचं नाव सांगितलं. गेला. १५ दिवस, रोज ३०० रुपये. थोडं बरं वाटायचं, परत तसंच. मग आणखी १५ दिवस. हात कमरेमागं जाईना, शर्ट घालायला वहिनी लागायची. ९,००० गेले.

जानेवारीत मिरजेला हाडाच्या डॉक्टरकडं नेला. त्यांनी खांदा बघितला आणि पहिलं विचारलं, शुगर कधी तपासली? कधीच नाही. तपासली तर तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.४, म्हणजे पक्की शुगर. डॉक्टर म्हटले, खांदा असा आखडणं शुगरवाल्यात पुष्कळ दिसतं. भावाला रात्री चार-चारदा उठावं लागायचं, आम्ही म्हटलं वय झालं.

सुया वाईट असं मी म्हणत नाही. पण त्या एका महिन्यात कुणी बोटाला टोचून थेंबभर रक्त बघितलं असतं तर? खांद्यात इतक्या सुया टोचल्या, बोटात एक नाही टोचली. हे माझ्या डोक्यातनं जात नाही.

कृष्णाकाठ

दादा, वाचून पोटात कालवलं. भाऊ आता कसे आहेत?

तासगाव द्राक्षवाला

आता ६.९ वर हाय. ज्वारीची भाकरी, सकाळी बागेला दोन फेऱ्या, गोळ्या चालू. खांदा ऐंशी टक्के सुटला. व्यायामानं सुटला, वेळ लागला.

तंतुवाद्य गल्ली

मी जरा विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. अ‍ॅक्युपंक्चर हे सगळं मनाचं समाधान आहे असं माझं मत होतं आणि बरंचसं अजून आहे.

जर्मनीत मोठी चाचणी झाली होती, २००७ साली निकाल आला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण. एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि फिजिओ. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांचा गुण ४७.६ टक्के लोकांना, खोट्या सुयांचा ४४.२, आणि नेहमीच्या उपचारांचा २७.४. म्हणजे सुई कुठे टोचली याने जवळजवळ फरकच पडला नाही!

पण याच आकड्यांनी माझी पंचाईतही केली. कारण खोट्या का असेनात, सुया घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं. माझे वडील तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे, आयुष्यभर मान खाली. शेवटच्या पाच वर्षांत मानेच्या दुखण्यावर त्यांना एवढाच एक आराम मिळायचा. आठवड्यातून एकदा तासभर डोळे मिटून पडायचे, कुणीतरी मायेने विचारपूस करायचं. त्याला मी खोटं कसं म्हणू?

आता माझं म्हणणं इतकंच: कुणी 'खास गुप्त बिंदू', 'सोन्याच्या सुया', 'चीनहून शिकून आलेले' म्हणून दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका. बिंदूनेच फार फरक पडत नसेल तर बिंदूच्या नावाने जादा दर कशासाठी? स्वच्छ, जवळचं आणि परवडणारं बघा. सांगलीवाडीहून रिक्षाने दर वेळी शंभर-दीडशे जाणार असतील तर तेही सिटिंगमध्येच धरा.

मिरज फिजिओ

तंतुवाद्य गल्ली, हा युक्तिवाद मला पटला. फक्त एक जोड. अर्धशिशीतही खऱ्या-खोट्यात फरक लहानच आहे, पण आहे: त्याच कॉक्रेन आढाव्यात खऱ्या सुयांची खोट्या सुयांशी तुलना केलेल्या चाचण्यांत शंभरातल्या ५० जणांची डोकेदुखी खऱ्या सुयांनी निम्म्यावर आली, ४१ जणांची खोट्यांनी. आणि 'कुठेही टोचा' याचा अर्थ 'कुणीही टोचा' असा नाही. खांद्याच्या आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. सिटिंगनंतर छातीत कळ किंवा धाप लागली तर घरी पडून राहू नका, थेट दवाखाना गाठा.

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाल्यावर सुयांच्या डब्यात गेली पाहिजे. "तुमच्या नावाची सुई जपून ठेवतो, उकळून वापरतो" असं म्हणणारे अजून आहेत. कावीळ बी आणि सी अशानेही पसरते.

पोवई नाका

साताऱ्याहून. कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण मी याच भानगडीत माहिती काढली होती.

केंद्राच्या आरोग्य खात्याने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने पुढे जाऊन २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, त्याखाली परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी होते. तेव्हा भिंतीवर प्रमाणपत्र असेल तर त्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, नुसतं चिनी अक्षरांचं फ्रेम केलेलं कागद पुरे नाही. विचारायला लाजू नका.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी डॉ. कोटणीसांचा फोटो लावतात. सोलापूरच्या या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिथेच, बत्तिसाव्या वर्षी गेले. पण ते शल्यविशारद होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. कोटणीसांचा फोटो म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे.

विम्याचं: आयुष या शब्दात आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. अ‍ॅक्युपंक्चर त्यात नाही. 'मेडिक्लेममध्ये बसवून देतो' असं कुणी म्हणालं तर पॉलिसीच्या कागदावर दाखवा म्हणावं.

उपकेंद्रातली ताई

मी वाळवा तालुक्यात आरोग्य खात्यात काम करते. वाडीच्या सूनबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी नीट वळलं नाही, म्हणून लिहिते.

सुया घेऊन बीपी-शुगर 'होतच नाही' असं नसतं. हे ठामपणे सांगते. असं सांगून पैसे घेणाऱ्याकडे मी माझ्या आईला पाठवणार नाही.

प्रतिबंध म्हणून जे खरंच उपयोगी आहे ते तुमच्या गावात फुकट आहे आणि तिथे गर्दी नसते, याचं मला रोज वाईट वाटतं. वय ३० झालं की आशाताई फॉर्म भरून घेतात. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी आणि शुगर वर्षातून एकदा, आणि तोंडाची, स्तनांची, गर्भाशयमुखाची कॅन्सरसाठी तपासणी पाच वर्षांतून एकदा, अशी रचना आहे. बायका बीपीला येतात, शुगरला येतात, पण आतली तपासणी म्हटलं की "पुढच्या वेळी" म्हणतात. दोन मिनिटांचं काम असतं हो. पडदा असतो, तपासणारी बाईच असते.

आणि तोंड! आपल्याकडे मिशरी किती जणी लावतात? सकाळी चुलीवर भाजलेली तंबाखूची पूड, मग दुपारी एकदा, रात्री एकदा. तिला कुणी व्यसन धरतच नाही, दात घासणं म्हणतात. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्या अवस्थेत सापडला तर पुढचा तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा टाळता येतो. टॉर्च आणि लाकडी पट्टी एवढंच लागतं बघायला.

सासूबाई लावतात का मिशरी?

पोवई नाका

ताईंच्या लिहिण्याला पुस्ती. खासगीत तपासणी करायचीच असेल तर '७२ चाचण्या ९९९ मध्ये' अशा जाहिरातींना भुलू नका. त्यातल्या पुष्कळशा एकाच नमुन्यातून यंत्र काढून देतं, आणि एखादी रेषेबाहेर आली की पुढच्या तपासण्यांचा फेरा सुरू. मी डॉक्टरांना विचारून चारच करतो. आयकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीखाली (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डी) प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, रोख दिले तरी चालतात. ते त्या कलमाच्या एकूण मर्यादेतच येतात, वेगळे नाहीत.

बाकी मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो. पन्नाशीनंतर सुरू केलं. माझं बीपी १५० च्या घरात होतं, आता एका गोळीवर १२८-१३० असतं. गोळी सोडली नाही, डॉक्टरांनी सोडू दिली नाही, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

तंतुवाद्य गल्ली

एक राहिलंच. अर्धशिशी जुनी असेल तर ठीक, पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, किंवा क्षणात उसळून असह्य झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सुई नाही, गोळी नाही, सरळ मोठा दवाखाना. शेजारच्या घरातल्या काकूंच्या बाबतीत दोन दिवस बाम चोळण्यात गेले होते.

वाडीची सून

दीड महिन्याने लिहिते आहे, उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत की काय झालं ते सांगितलंच पाहिजे.

पॅकेज घेतलं नाही. विश्रामबागेत दुसरीकडे गेले. तिथे पहिली वीस मिनिटं फक्त विचारणं आणि लिहिणं झालं, नोंदणी क्रमांक दारावरच होता, पाकिटं माझ्यासमोर फोडली. ४५० रुपये सिटिंग, आगाऊ काही नाही. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, सहा करीन आणि वही बघून ठरवीन. त्यांनी हसून "तेच बरोबर" म्हटलं. आधीच्या महिन्यात ९ टिंबं होती. सहा झाल्या आहेत, या महिन्याचे २३ दिवस उलटले, टिंबं ४. दहापर्यंत जाईन असं ठरवलंय. रिक्षा न करता आयर्विन पुलावरून चालत येते येताना, नदीवरचा वारा लागतो, तेही डोक्याला बरं वाटतं.

सासूबाईंना घेऊन आरोग्य मंदिरात गेले. उपकेंद्रातली ताई, तुमचा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला होता. त्या आधी चिडल्या, "तुझ्या त्या फोनमधल्या बायकांना माझ्या मिशरीचं काय करायचंय?" मग दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या, चल. बीपी, शुगर आटोक्यात आहे. पण डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला. म्हणाल्या घाबरू नका, पण लांबवू नका. माझीही आतली तपासणी त्याच दिवशी करून घेतली. खरंच दोन मिनिटं लागली.

मिशरीचा डबा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने परसात उपडा केला. त्या दिवसापासून चिडचिड करतात, वेलदोडा चघळत बसतात. मी काही बोलत नाही.

बुधवारी मिरजेला नेते आहे. किती वाजता पोचावं?

उपकेंद्रातली ताई

सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग वाढायच्या आत. आधार कार्ड, रेशन कार्ड, स्टेंटचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढायचं म्हणाले तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आधी सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. सासूबाईंना खाऊन न्या, वेळ जातो. झालं की इथे लिहा.

तासगाव द्राक्षवाला

बुधवारी मी मिरजेतच हाय, भावाची शुगर दाखवायला. काही लागलं तर इथंच कळवा, येऊन थांबतो.